बेल अँड सेबॅस्टियन: नवख्या श्रोत्यासमोर 'सिनिस्टर' ठेवावा की 'वेट्रेस'?

धरमपेठकर

आमच्या नागपूरच्या धरमपेठेतील लहानशा श्रोतामंडळात दर महिन्याला एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये कोणीही न बोलता ऐकण्याची प्रथा आहे. मे महिन्याच्या बैठकीसाठी ग्लासगोचा 'बेल अँड सेबॅस्टियन' हा बँड ठरला असून येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याचे नावही ऐकलेले नाही. एकच अल्बम ऐकवायचा असल्यामुळे तो कोणता असावा, यावरून मंडळात सरळ दोन तट पडले आहेत. या बँडचा विषय निघाला की जाणकार मंडळी डोळे मिटून 1996 सालच्या 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'कडे बोट दाखवतात. माझ्या मते नवख्या श्रोत्यासमोर 2003 सालचा 'डिअर कटॅस्ट्रॉफी वेट्रेस' ठेवावा. हे मी निव्वळ सोयीखातर म्हणत नाही. या बँडचे सर्वांत पूर्ण रूप त्याच अल्बममध्ये आहे, अशी माझी धारणा आहे.

हा बँड 1996 च्या आरंभी उभा राहिला तो जवळजवळ योगायोगाने. गायक-गीतकार स्टुअर्ट मर्डॉक आणि बास गिटार वाजवणारा स्टुअर्ट डेव्हिड यांची गाठ बेरोजगार संगीतकारांसाठीच्या एका सरकारी प्रशिक्षणवर्गात पडली. तेथे केलेली काही कच्ची ध्वनिमुद्रणे स्टो कॉलेजच्या संगीत-व्यवसाय अभ्यासक्रमापर्यंत पोहोचली. हा अभ्यासक्रम आपल्या 'इलेक्ट्रिक हनी' या लेबलवर वर्षाला एखादी सिंगल काढत असे. या मंडळींकडे मात्र अख्ख्या अल्बमपुरती गाणी तयार होती. अशा रीतीने 'टायगरमिल्क' निघाला, तोही केवळ 1000 प्रतींचा आणि फक्त व्हायनलवर. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जीपस्टर या लेबलवर 'सिनिस्टर' आला. दोन्ही अल्बम थोड्या दिवसांत आणि थोड्या पैशांत उरकलेले आहेत, आणि त्या घाईगर्दीलाच आपण रसिक आता शैली म्हणू लागलो आहोत.

'वेट्रेस'साठी निर्माता म्हणून ट्रेव्हर हॉर्न आला. एके काळी 'बगल्स'मध्ये गाणारा आणि पुढे 'फ्रँकी गोज टू हॉलिवुड'चा भव्य ध्वनी घडवणारा हा माणूस या लाजऱ्या मंडळींत काय करणार, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. त्याने मर्डॉकच्या चालींना प्रथमच त्यांच्या मापाचे कपडे शिवले. व्हायोलिन आणि ट्रम्पेट आपापल्या जागी स्पष्ट ऐकू येतात, कोरसमधले वेगवेगळे गळे ओळखता येतात आणि ताल डगमगत नाही. माणसे मात्र पूर्वीचीच आहेत. शीर्षकगीतात गिऱ्हाइकांचा जाच सोसत हॉटेलात राबणारी मुलगी आहे, तर 'लॉर्ड अँथनी'त वर्गातल्या टारगटांनी छळलेला एक मुलगा आहे, आणि हे दुसरे गाणे तर बँडच्या अगदी उमेदवारीच्या काळातले आहे. म्हणजे जुनेच गाणे नव्या ध्वनीत कसे उभे राहते, याचा दाखला याच अल्बममध्ये मिळतो. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते सविस्तर मांडावे.


सदरचा कॉयरवाला

धरमपेठकर, आपण 'घाईगर्दी' म्हणून ज्याची बोळवण केली आहे त्यावर माझा पहिला आक्षेप आहे. मी सदरमधील एका चर्चच्या गायकवृंदात तरुणपणापासून गातो. आमच्यापैकी कोणाचाही गळा मैफिलीचा नाही, तरी रविवारी सकाळी पंचवीस साधी माणसे एकत्र श्वास घेऊन गातात तेव्हा जे घडते ते एखाद्या तयार गवयाच्या गाण्यात घडेलच असे नाही. 'सिनिस्टर'मध्ये मला तेच ऐकू येते. पहिल्याच गाण्यात, 'स्टार्स ऑफ ट्रॅक अँड फील्ड'मध्ये, मर्डॉक इतक्या हळू आवाजात सुरुवात करतो की यंत्र बंद पडले की काय, अशी शंका यावी. मग एकेक वाद्य येऊन मिळते आणि शेवटाकडे ट्रम्पेट वर चढते तेव्हा आपण केव्हा इतक्या उंचावर आलो हे कळलेलेही नसते. हा चढाव कोणी पैसे मोजून विकत घेतलेला नाही.

मर्डॉक दीर्घ आजारातून उठलेला माणूस आहे. सततच्या थकव्याच्या त्या व्याधीमुळे त्याची ऐन तारुण्यातली अनेक वर्षे घरात गेली आणि त्याच काळात तो पियानोवर गाणी रचू लागला. पुढे कित्येक वर्षे तो ग्लासगोतील एका चर्चच्या सभागृहाच्या वर राहून तेथील देखरेखीचे काम करीत असे, आणि गायकवृंदातही गात असे. त्याची श्रद्धा उपदेशाच्या रूपाने कधीच येत नाही. 'सिनिस्टर'च्या शीर्षकगीतात आरंभी खेळणाऱ्या मुलांचा गलका ऐकू येतो, आणि त्यावर ज्यांची कथा सांगितली जाते त्या दोन तरुण जिवांना धर्माकडून काही आधार हवा आहे, पण हाती येतात त्या तयार उत्तरांनी त्यांचे भागत नाही. मुलांचा तो गलका अखेरपर्यंत मनातून जात नाही. श्रद्धाळू माणसाने श्रद्धेच्या अपुरेपणावर असे गाणे रचावे, हे मला आजही धाडसाचे वाटते. 'वेट्रेस' हा चांगला, खेळकर, कौशल्याने केलेला अल्बम आहे, हे मान्य करूनही म्हणतो की त्यात हे धाडस नाही. पाहुण्याला घरातली सर्वांत चांगली खोली दाखवायची की सर्वांत उजेडाची, हे आपण ठरवावे.


रेकॉर्डिंगवाला

माझा व्यवसाय ध्वनिमुद्रणाचा असल्यामुळे या वादाकडे थोडे रुक्षपणे पाहतो, त्याबद्दल क्षमस्व. कॉयरवाला काकांनी पहिल्या गाण्याच्या ज्या कुजबुजीचे वर्णन केले ती नागपुरात, मे महिन्यात, भर दुपारी कोणालाही ऐकू येणार नाही. पारा 45 च्या आसपास असताना धरमपेठेतल्या त्या खोलीत कूलर चालू असणारच, आणि लोखंडी कूलरचा पंखा व पाण्याची मोटर मिळून जी घरघर करतात ती नेमकी खालच्या पट्टीत, म्हणजे बास गिटार आणि पुरुषी आवाजाचा खालचा भाग जेथे असतो तेथे बसते. मर्डॉक हळू गात असताना त्याचा निम्मा आवाज ती घरघर गिळून टाकील आणि श्रोत्यांच्या कानी केवळ 'स', 'श' असे उच्चार आणि गिटारची खरखर पडेल. आवाज वाढवावा तर शेवटी येणारे ट्रम्पेट कानाला बोचेल, कारण या गाण्यातील सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या क्षणांत फार अंतर आहे. गच्चीवर बैठक घ्यावी तर लग्नसराई चालू आहे. खालून धुमाल निघाली की ग्लासगोचे काही चालत नाही, कारण धुमाल म्हणजे मिरवणुकीतले ढोलवादन.

'वेट्रेस'मध्ये हे अंतर पुष्कळ आटोक्यात आहे. हॉर्नच्या कामाची खूण अशी की प्रत्येक वाद्याला ध्वनीच्या पट्ट्यात स्वतंत्र जागा दिलेली असते, त्यामुळे लहान स्पीकरवर, गोंगाटातही चाल हरवत नाही. जुन्या पद्धतीच्या रेडिओ-पॉपचे हे शहाणपण आहे. याला कोणी गुळगुळीतपणा म्हणेल, मी त्याला ऐकणाऱ्याची कदर म्हणतो.

आणखी एक गोष्ट या संदर्भात सांगितलीच पाहिजे. 'सिनिस्टर'च्या ध्वनिमुद्रणाविषयी खुद्द मर्डॉकच समाधानी नव्हता. गाणी उत्तम, पण ती पकडली गेली नाहीत, असे त्याचे म्हणणे होते, आणि म्हणूनच 2005 साली लंडनच्या बार्बिकन सभागृहात बँडने तो अल्बम संपूर्ण वाजवला आणि ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. कर्त्यालाच जी उणीव वाटली तिला आपण गुण का म्हणावे?


सदरचा कॉयरवाला

त्याचे उत्तर आपल्याच माहितीत आहे. बार्बिकनचे ध्वनिमुद्रण ऐकून पाहावे. वादन नेटके आहे, सूर पक्के आहेत, सगळे आपापल्या जागी आहे, आणि तरीही लोक नऊ वर्षांपूर्वीच्या मूळ अल्बमकडेच परत जातात. कर्त्याला आपल्या कृतीतले काय जपण्याजोगे आहे ते नेहमी कळतेच असे नाही. कूलरचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. तो पाऊण तास बंद ठेवता येईल, थोडा घाम येईल इतकेच.


व्हीएनआयटीचा निशाचर

धरमपेठकर दादा, कॉयरवाला काका, तुम्हा दोघांबद्दल आदर ठेवून म्हणतो की हा सगळा वाद एका गृहीतावर उभा आहे आणि ते गृहीत मला मान्य नाही. एखाद्या बँडची ओळख अखंड अल्बमनेच व्हावी, असा आग्रह का? या बँडची कितीतरी उत्कृष्ट गाणी कोणत्याच अल्बममध्ये नाहीत. 1997 साली यांनी 'डॉग ऑन व्हील्स', 'लेझी लाइन पेंटर जेन' आणि '3.. 6.. 9 सेकंड्स ऑफ लाइट' असे तीन ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या ध्वनिमुद्रिका, काढले आणि त्यांतली बहुतेक गाणी अल्बमबाहेर ठेवली. 'लेझी लाइन पेंटर जेन'मध्ये मोनिका क्वीन ही पाहुणी गायिका ज्या ताकदीने गाते, ती ताकद तुमच्या दोन्ही अल्बमांत कुठेही नाही. मर्डॉक पुटपुटत असतो आणि ती छताला आवाज भिडवते, आणि शेवटी ऑर्गन आणि ड्रम्स इतके बेभान होतात की हा तोच लाजरा बँड आहे यावर विश्वास बसू नये. कूलरच्या घरघरीवर मात करील असे गाणे हवे असेल तर ते हे. पुढे 2005 मध्ये हे सगळे ईपी 'पुश बारमन टू ओपन ओल्ड वून्ड्स' या संकलनात एकत्र आले. दोन डिस्कचे ते संकलन म्हणजेच माझ्या दृष्टीने यांचे सर्वोत्तम काम आहे.

आमच्या पिढीने हा बँड मोबाइलवर, अल्बमांचा क्रम न जाणता, रात्री अभ्यास करताना ऐकला. मी प्रथम ऐकले ते 2004 च्या 'बुक्स' या ईपीतले 'युअर कव्हर्स ब्लोन', आणि काही महिने माझी अशी समजूत होती की हा डिस्को बँड आहे. त्याने माझे काही नुकसान झाले असे वाटत नाही.


इतवारीची वाचक

मी संगीतातली तज्ज्ञ नाही. मराठी साहित्याची विद्यार्थिनी आहे आणि या बँडकडे त्याच्या शब्दांच्या वाटेने आले. त्यामुळे येथवरच्या चर्चेत वाद्यांविषयी आणि ध्वनीविषयी जितके बोलले गेले तितके गाण्यातल्या माणसांविषयी बोलले गेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

'टायगरमिल्क'मधले पहिलेच गाणे, 'द स्टेट आय अॅम इन', घ्या. त्यातला निवेदक आपल्या घरातल्या भानगडी, आपले अविचारी लग्न, आपल्या चुका एकामागून एक इतक्या सपाट स्वरात सांगतो की त्यातले विनोदी कोणते आणि दुःखाचे कोणते हे ऐकणाऱ्यालाच ठरवावे लागते. तो पाद्र्यापाशी जाऊन पापांची कबुली देतो, तर पाद्री ती सगळी पापे घेऊन त्यांवर एक छोटी कादंबरीच लिहून काढतो, आणि त्या कादंबरीचे नाव हेच या गाण्याचे नाव. एखाद्या कथाकाराने पानभर मजकुरात जे साधले असते ते या मुलाने दोन ओळींत साधले आहे. आमच्याकडे भावगीताची परंपरा मोठी आहे, पण भावगीतातला 'मी' बहुधा शुद्ध, हळवा आणि नि:शंक असतो. आपल्याच हळवेपणाकडे तिरकस नजरेने पाहणारा 'मी' तेथे क्वचित भेटतो. नागपूरच्या श्रोत्यांना नवे काही ऐकवायचेच असेल तर ही तिरकस नजर ऐकवावी, आणि ती पहिल्या दोन अल्बमांत सर्वाधिक धारदार आहे. म्हणजे माझे मत कॉयरवाला काकांच्या बाजूने, पण कारण वेगळे.

आता ज्या अल्बमचे नाव येथे कोणीही काढले नाही त्याविषयी. 2000 सालचा 'फोल्ड युअर हँड्स चाइल्ड, यू वॉक लाइक अ पेझंट' हा या बँडचा फसलेला अल्बम आहे, असे सरसकट म्हटले जाते. त्यापूर्वीच्या 'द बॉय विथ द अरब स्ट्रॅप'मध्ये, म्हणजे 1998 मध्ये, मर्डॉकने गाण्याची सूत्रे इतरांकडेही दिली होती. गिटारवादक स्टीव्ही जॅक्सनची दोन गाणी त्यात आहेत, स्टुअर्ट डेव्हिडचे एक गद्य कथन आहे, आणि चेलोवादक-गायिका इझोबेल कॅम्पबेलचे 'इज इट विकेड नॉट टू केअर?' आहे. 2000 च्या अल्बममध्ये ही वाटणी आणखी वाढली, आणि एकच सूत्र उरले नाही म्हणून समीक्षकांनी नाक मुरडले. मला मात्र त्यातच हा बँड खऱ्या अर्थाने बँड वाटतो. इझोबेल कॅम्पबेल 2002 मध्ये बाहेर पडली आणि त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या अल्बमला, आपल्या 'वेट्रेस'ला, धरमपेठकर 'सर्वांत पूर्ण' म्हणतात. चेलो आणि तो पुसट, जवळजवळ श्वासासारखा स्त्रीस्वर वजा केल्यावर जे उरते ते पूर्ण कसे?


धरमपेठकर

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देणे मला भाग आहे. कॅम्पबेलच्या जाण्याने रंग कमी झाला, हे खरे. परंतु तिचे स्वतःचे उत्तम काम या बँडबाहेर झाले आहे. अमेरिकन गायक मार्क लॅनेगनसोबतचा 2006 चा 'बॅलड ऑफ द ब्रोकन सीज' ऐकला की लक्षात येते की तिला मोकळी जागा हवी होती आणि ती या घरात मिळत नव्हती. तिच्यामागे बँडमधल्याच सारा मार्टिनचा आवाज पुढे आला. तो कमी गूढ आहे. पण तो लपत नाही, आणि 2003 नंतरच्या गाण्यांना असाच आवाज हवा होता.

कॉयरवाला काकांना एकच विचारतो. धाडस आणि जवळीक पहिल्या अल्बमांतच होती असे म्हणताना आपण 'वेट्रेस'मधले 'पियाझ्झा, न्यूयॉर्क कॅचर' विसरलात का? तीन मिनिटे केवळ एक गिटार आणि एक आवाज, बाकी काही नाही. ज्याच्या नावाने मोठ्या वाद्यवृंदाची भीती घातली जाते त्या हॉर्ननेच हे गाणे उघडे ठेवले. आणि त्याच अल्बमच्या शेवटी 'स्टे लूज' आहे, जवळजवळ सात मिनिटांचे, ऐंशीच्या दशकातल्या न्यू वेव्हच्या थाटाचे. या दोन टोकांना एकाच अल्बममध्ये नांदवणे 1996 च्या बँडला जमले नसते.


व्हीएनआयटीचा निशाचर

दादा, ते जमले होते, आणि हा मुद्दा तुमच्या विरोधकांनाही गैरसोयीचा आहे. 'टायगरमिल्क'मधले पाचवे गाणे, 'इलेक्ट्रॉनिक रेनेसांस', ऐकावे. पूर्ण सिंथेसायझर, यांत्रिक ताल, आणि त्याखाली कुठेतरी पाण्यातून आल्यासारखा मर्डॉकचा आवाज. म्हणजे ज्या पहिल्या अल्बमला सगळे निष्पाप, लाकडी गिटारचा अल्बम म्हणतात त्याच्या मधोमध नाचायचे गाणे बसले आहे. हा बँड पुढे पॉपकडे 'वळला' असे म्हणणेच चुकीचे आहे. पॉप आरंभापासून होता, पैसे नव्हते.

त्याउलट 2015 चा 'गर्ल्स इन पीसटाइम वाँट टू डान्स' हा नावाप्रमाणे नाचाचा अल्बम, बेन अॅलनबरोबर अटलांटात केलेला. त्याची सुरुवात मात्र 'नोबडीज एम्पायर'ने होते, आणि काकांनी ज्या आजाराचा उल्लेख केला त्याविषयीचे मर्डॉकचे सर्वांत थेट गाणे ते आहे. जवळजवळ वीस वर्षे तो त्याभोवती फिरत राहिला आणि सरळ बोलायचे तेव्हा नाचाच्या अल्बममध्ये बोलला. मग 'जुने ते आतले, नवे ते वरवरचे' ही विभागणी कुठे टिकते?


महालचा पाहुणा

सर्वांची क्षमा मागून, या धाग्यात आवश्यक असलेला विरोधी सूर लावतो. मी यांचे तीन अल्बम शेवटपर्यंत ऐकले आणि माझे असे मत झाले की हा सुखवस्तू उदासीचा बँड आहे. ज्यांना खिडकीत बसून पाऊस बघायला वेळ आहे, ज्यांच्या दुःखाला पुस्तकांच्या दुकानाचा वास येतो, त्यांच्यासाठी ही गाणी आहेत. गायकाला गाता येत नाही, हे आपण सर्वजण सभ्यपणे टाळत आहात. आपल्या शहरात शाहिरी जलसे झाले, भीमगीते गल्लोगल्ली गायली जातात आणि खडी गंमत हे विदर्भातले लोकनाट्य आजही रात्र जागवते. तेथे आवाज छातीतून येतो. अशा शहरात एक स्कॉटिश मुलगा घशातल्या घशात पुटपुटतो आणि त्याला आपण 'जवळीक' म्हणतो, याची मला मौज वाटते. 1999 साली ब्रिट या ब्रिटिश संगीत-पुरस्कारांत यांना सर्वोत्तम नवागताचा मान मिळाला तेव्हा 'स्टेप्स' या लोकप्रिय चमूच्या बाजूने मतदानाविषयीच शंका घेतली गेली होती; चाहते थोडे, पण इंटरनेटवर संघटित, असे तेव्हापासूनच या बँडचे स्वरूप आहे. हा धागाही त्याचाच पुरावा आहे.


सदरचा कॉयरवाला

पाहुण्यांचे स्वागत आहे. छातीतून येणाऱ्या आवाजाविषयी आपण जे म्हटले त्याच्याशी मी सहमत आहे. भीमगीतांचा ठेका ऐकला की माझेही पाय थांबत नाहीत. पण 'सुखवस्तू' हा शब्द मी स्वीकारू शकत नाही. बेरोजगारांच्या प्रशिक्षणवर्गातून जन्मलेला, चर्चची झाडलोट करीत गाणी लिहिणाऱ्याचा हा बँड आहे. अंथरुणातून उठणे हेच ज्याला वर्षानुवर्षे जड जात होते त्याने छातीतून गावे, ही अपेक्षा कशी करावी? त्याच्यापाशी जेवढा श्वास होता तेवढ्यात बसणारी गाणी त्याने रचली. सूर कुठे कुठे डळमळतो हे खरेच आहे, ते कोणी लपवत नाही.


इतवारीची वाचक

महालच्या पाहुण्यांना एक पुस्ती. यांच्या गाण्यांतल्या मुली पावसाकडे बघत बसत नाहीत. त्या बसमध्ये असतात, शाळेत नापास होतात, हॉटेलात ट्रे उचलतात, नको त्या माणसाबरोबर राहतात आणि त्याच्याविषयी स्पष्ट बोलतात. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात संध्याकाळी सहाच्या सुमारास दुकानांच्या पायऱ्यांवर, पाय दुखत असताना, मोबाइल बघत उभ्या असलेल्या विक्रेत्या मुली आपण रोज पाहतो. 'डिअर कटॅस्ट्रॉफी वेट्रेस' हे गाणे त्यांच्यापैकी कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. (हे वाक्य धरमपेठकरांच्या बाजूचे झाले, याची मला जाणीव आहे, तरी माझे मत पहिल्या दोन अल्बमांनाच.)


महालचा पाहुणा

ताई, मुली बसमध्ये असतात हे मान्य. गाणारा मात्र बसच्या बाहेर उभा राहून त्यांच्याविषयी लिहीत असतो, हा माझा आक्षेप कायम आहे. कॉयरवाला काकांच्या श्वासाच्या युक्तिवादाला मात्र माझ्यापाशी सध्या उत्तर नाही.


रेकॉर्डिंगवाला

एक दुरुस्ती आणि एक सूचना. निशाचर म्हणतात तसे 'पैसे नव्हते' हे संपूर्ण चित्र नाही. सुरुवातीचे अल्बम ग्लासगोच्या कावा स्टुडिओत झाले आणि तो चांगल्यापैकी साधने असलेला व्यावसायिक स्टुडिओ होता. उणीव वेळेची होती. सगळे एकत्र बसून, एकमेकांकडे बघत वाजवीत, आणि दुसरा-तिसरा प्रयत्न तसाच ठेवून देत. एकाच खोलीत सगळे वाजत असल्यामुळे ड्रम्सचा आवाज गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, आणि मग नंतर गायकाला पुढे आणावे तर ड्रम्सही पुढे येतात. 'सिनिस्टर'मध्ये मर्डॉक जो थोडा मागे, खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात उभा असल्यासारखा वाटतो त्याचा मोठा भाग या शिरकावाचा आहे. कॉयरवाला काकांना ज्यात एकत्र श्वास ऐकू येतो तो खरोखरच एकत्र घेतलेला आहे, एवढे मी व्यावसायिक म्हणून मान्य करतो. हॉर्नच्या पद्धतीत थरावर थर चढवले जातात, त्यात असा श्वास नसतो.

सूचना अशी: मे महिन्यात 'वेट्रेस' घ्यावा. 'सिनिस्टर' डिसेंबरात, कूलर माळ्यावर गेल्यानंतर, खिडक्या लावून ऐकावा.


सदरचा कॉयरवाला

म्हणजे पहिली ओळख 'वेट्रेस'नेच होणार. हा तोडगा दिसायला मध्यममार्गी आहे, परंतु मूळ प्रश्नाचा निकाल पूर्णपणे धरमपेठकरांच्या बाजूने लावतो. पहिली ओळख एकदाच होते. ज्याने आधी 'वेट्रेस' ऐकला त्याला डिसेंबरात 'सिनिस्टर' हा त्याच गाण्यांचा कच्चा मसुदा वाटेल, आणि त्याचा गैरसमज काढायला आपल्याला पुढचे वर्ष लागेल. उलट क्रमाने ऐकणाऱ्याला 'वेट्रेस'मध्ये तीच मंडळी मोठी झालेली, थोडी धीट झालेली भेटतात, आणि त्यातला आनंद वेगळा आहे. मी स्वतः याच क्रमाने ऐकले, म्हणूनच मला 'वेट्रेस' आवडला.


धरमपेठकर

काका, आपले हे शेवटचे वाक्य मी मंडळात जसेच्या तसे वाचून दाखवणार आहे. आपल्या क्रमाचा युक्तिवाद मी विचारात घेतला, पण तो ज्यांना दोन्ही अल्बम ऐकायचेच आहेत त्यांना लागू पडतो. आमच्या बैठकीला येणारे अनेकजण रविवारची दुपार आहे, चहा आहे, ओळखीची माणसे आहेत म्हणून येतात. त्यांच्यातल्या दहांपैकी सातजण या बँडकडे पुन्हा वळणार नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो. त्यांना एकच संधी द्यायची तर दार उघडे असलेले घर दाखवावे, आणि उरलेल्या तिघांना 'सिनिस्टर' आपोआप सापडेल. आजवर सर्वांना तो तसाच सापडला आहे.

तेव्हा मे महिन्यात 'वेट्रेस' नक्की. निशाचर यांच्या मुद्द्याचा मान राखून अल्बम संपल्यावर 'लेझी लाइन पेंटर जेन' वाजवले जाईल.


व्हीएनआयटीचा निशाचर

आभार, दादा. ते गाणे ईपीच्या मूळ ध्वनिमुद्रणातलेच वाजवावे, आणि रेकॉर्डिंगवाला यांनी आवाज कमी करू नये.


रेकॉर्डिंगवाला

शेवटच्या दोन मिनिटांत ऑर्गन आणि ड्रम्स एकमेकांवर चढतात तेथे माझे स्पीकर फाटतील. तेवढ्यापुरता आवाज मी कमी करणारच.